कुमाऊंचे वणवे आणि ते विझवणारी गावे

राणीखेतच्या पोस्टिंगमध्ये एप्रिल-मे महिन्यांत नंदादेवीची रांग क्वचितच दिसते. समोर धूर असतो. उत्तराखंडात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा अधिकृत वणव्याचा हंगाम. चीडच्या झाडाच्या सुईसारख्या वाळक्या पानांना इथे पिरूल म्हणतात. उन्हाळ्यात त्याचा जाड थर जमिनीवर साचतो, आणि एक पेटती बिडी सगळा डोंगर पेटवायला पुरते.

ही आग विझवायची पद्धत जुनी आहे. ज्वाळा बुटक्या असतील तर हिरव्या फांद्यांनी झोडपायच्या. मोठ्या असतील तर पायवाट किंवा ओढा धरून पिरूल झाडून पट्टा मोकळा करायचा आणि तिथून उलटी आग लावायची. दोन्हींसाठी पहिल्या तासाभरात भरपूर हात लागतात. बंब रस्त्यावरच थांबतो, वनरक्षक एकटा असतो. म्हणजे उरते ते गाव. गाव वर चढते की नाही, यावर जंगल वाचणार की जळणार हे ठरते, आणि ते कशावर अवलंबून असते हे शंभर वर्षांपूर्वी इथेच दिसून आले.

१९११ ते १९१७ या काळात इंग्रजांनी कुमाऊं कमिशनरीतील, म्हणजे नैनीताल, अल्मोडा आणि गढवाल जिल्ह्यांतील, मोठे क्षेत्र आरक्षित जंगल म्हणून ताब्यात घेतले. चराई, फांद्या तोडणे, नव्या गवतासाठी उतार पेटवणे, सगळ्यावर निर्बंध आले. याच वर्षांत इथली मुले फ्रान्सच्या खंदकांत लढत होती. ३९ गढवाल रायफल्सचे नाईक दरवान सिंह नेगी यांनी नोव्हेंबर १९१४ मध्ये फेस्टुबर्टला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. पोरगा पलटणीत आणि घरची गाय सरकारी हद्दीबाहेर, अशी अनेक घरांची अवस्था होती.

जानेवारी १९२१ मध्ये मकर संक्रांतीला बागेश्वरच्या संगमावर बद्रीदत्त पांडे आणि सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी कुली-बेगारीच्या वह्या सरयूत बुडवल्या. साहेबाचे सामान फुकट वाहणे बंद झाले. त्याच उन्हाळ्यात आरक्षित जंगले पेटली. दोन लाख एकरांहून अधिक क्षेत्र जळाले. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी यातली एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली आहे: जळाली ती लाकूड आणि राळेसाठी राखलेली चीडची जंगले. चारा, सरपण आणि झऱ्याचे पाणी देणारी रुंद पानांची जंगलेही सरकारकडेच होती, पण त्यांना लोकांनी हात लावला नाही.

सरकारने कमिशनर विंडहॅम यांच्या अध्यक्षतेखाली कुमाऊं वन तक्रार समिती नेमली. गोविंद वल्लभ पंतांनी १९२२ मध्ये या प्रश्नावर इंग्रजीत पुस्तिका लिहिली. आरक्षणाचा मोठा भाग मागे घेतला गेला आणि १९३१ मध्ये वन पंचायतींचे नियम झाले. गावाने पंच निवडायचे, राखणदार ठेवायचा, दंड आकारायचा. आज राज्यात अशा अकरा हजारांहून अधिक पंचायती आहेत. १९२७ च्या वन कायद्याच्या कलम ७९ नुसार जंगलात हक्क असलेल्याने आग विझवायला मदत करणे बंधनकारकच आहे. पण हुकमाने आलेला माणूस आणि आपले जंगल म्हणून धावलेला माणूस यांतला फरक कोणत्याही कंपनी कमांडरला सांगावा लागत नाही. पुढे १९७६ आणि २००१ च्या नियमांनी वन खात्याचा पंचायतींवरचा ताबा वाढत गेला, गावाचा अधिकार आकसला. आग विझवायची अपेक्षा मात्र तशीच राहिली.

२०१६ आणि २०२४ मध्ये हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरांनी भीमतालचे पाणी उचलून आगीवर टाकले. वैमानिकांना सलाम. तरीही पाणी पडल्यावर धुमसते बुंधे विझवायला माणूसच चढतो. १३ जून २०२४ ला अल्मोड्याजवळ बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले चौघे मरण पावले. त्यांत बीट अधिकारी होता, तसेच फायर वॉचर, रोजंदारी कामगार आणि प्रांतीय रक्षक दलाचा जवानही होता.

शीतलाखेतच्या गावांनी वेगळा मार्ग धरला आहे. शेताच्या बांधावरची झुडपे कापून जाळण्याला इथे ओण म्हणतात, आपल्याकडच्या राब भाजण्याची आठवण यावी असेच हे काम. हे जाळणे ३१ मार्चपूर्वी, हवा थंड असतानाच उरकायचे, असा नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतला. १ एप्रिलला तिथे ओण दिवस पाळतात. आग लागूच न देण्यात महिला मंगल दलांचा वाटा मोठा आहे.

इथल्या अनेक घरांतले पुरुष फौजेत आहेत. सीमेवरच्या जवानाच्या घरामागे वणवा लागला, तर हातात फांदी घेऊन वर चढते ती त्याची आई किंवा बायको, पायात चप्पल आणि तोंडाला पदर. आपण जवानाला बूट, प्रशिक्षण आणि विमा दिल्याशिवाय पुढे पाठवत नाही. या बायकांनाही तेवढे मिळायला हवे, आणि त्यांच्या पंचायतीला जंगलावरचा हक्कही. दरवर्षी १५ फेब्रुवारीच्या आत.