मालट्रकवरील उचलयंत्रे आणि सुरक्षित कार्यभाराची खूण : एक ऐतिहासिक टिपण

या टिपणात आपण एका आकड्याचा इतिहास पाहणार आहोत. काही मालट्रकांना फाळक्याच्या जागी टेल लिफ्ट असते, म्हणजे हायड्रॉलिक सिलिंडरने खाली-वर होणारा मंच. त्यावर किती किलो भार सुरक्षितपणे चढवता येतो, त्या मर्यादेला सुरक्षित कार्यभार म्हणतात. शीतकपाट किंवा यंत्राचा सुटा भाग उतरवताना हमाल या मंचाच्या अगदी जवळ उभा असतो. त्याच्या दृष्टीने हा आकडा म्हणजे जिवाचा प्रश्न आहे. तो यंत्रावर लिहिण्याची सक्ती कशी आली आणि नुसता लिहून का भागत नाही, हे आता पाहू.

१. खुणेची सुरुवात : जहाज आणि बंदर

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये प्रमाणाबाहेर माल भरलेली जहाजे बुडत आणि खलाशी मरत. खासदार सॅम्युअल प्लिमसॉल यांच्या चळवळीनंतर १८७६ मध्ये जहाजावर भाररेषा काढणे सक्तीचे झाले. मात्र ती रेषा कोठे काढायची हे मालकावरच सोडले होते. ती ठरवण्याचे शासकीय नियम १८९० च्या कायद्याने बंधनकारक झाले. मधली चौदा वर्षे खूण होती, पण तिच्यामागे कोणाची तपासणी नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येईल.

यारी चालवणाऱ्याला दोन आकडे लागतात : मालाचे वजन आणि यंत्राची क्षमता. पहिल्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२९ मध्ये करार केला. जहाजाने पाठवायच्या १,००० किलो किंवा त्याहून जड गठ्ठ्यावर वजन लिहिलेच पाहिजे, असे त्यात ठरले. भारताने त्याला १९३१ मध्ये मान्यता दिली आणि पुढे १९५१ मध्ये जड गठ्ठ्यांवर वजन लिहिण्याचा स्वतंत्र कायदा केला. गोदी कामगारांना अपघातांपासून संरक्षण देणारा करार १९३२ चा. त्याच्या अंमलबजावणीसाठी १९३४ मध्ये भारतीय गोदी कामगार कायदा झाला.

२. कारखाना : आकडा, ओळख, नोंद

भारताचा पहिला कारखाना कायदा १८८१ चा. मुंबईच्या गिरण्या डोळ्यांसमोर ठेवून झालेल्या या कायद्यात मुलांच्या कामाचे तास आणि धोकादायक यंत्रांभोवती कुंपण या गोष्टी होत्या. उचलयंत्रांची सविस्तर व्यवस्था १९४८ च्या कारखाना अधिनियमात दिसते.

कलम २८ लिफ्टविषयी होते. सक्षम व्यक्तीने दर ६ महिन्यांतून किमान एकदा तिची कसून तपासणी करावी आणि कमाल सुरक्षित भार तिच्यावर स्पष्ट लिहावा, असे ते सांगत असे. कलम २९ यारी, चेन पुली ब्लॉक, साखळ्या, दोर व आकडे यांच्यासाठी होते. येथे तपासणीची मुदत १२ महिने होती. यंत्रावर सुरक्षित कार्यभार आणि ओळखखूण असावी, दोन्हींची नोंद विहित नोंदवहीत असावी. यंत्रावर लिहिणे शक्य नसेल, तर भारांचा तक्ता कामाच्या जागी ठळकपणे लावावा.

या रचनेमागचा विचार समजून घ्या. आकडा मर्यादा सांगतो. ओळखखूण हे नेमके कोणते यंत्र ते सांगते. नोंदवही ते कधी आणि कोणी तपासले ते सांगते. तिन्हींतला एक दुवा तुटला की पाटी म्हणजे नुसता रंग उरतो.

३. झाशी : एका शहरात कायद्याच्या सीमा

झाशीला इंडियन मिडलँड रेल्वेचे मोठे केंद्र होते. पुढे तिचा कारभार मुंबईच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे गेला. येथील वाघिणी दुरुस्तीची कार्यशाळा त्याच काळातली. स्वातंत्र्यानंतर भेलचा ट्रान्सफॉर्मर कारखाना आला. दोन्ही ठिकाणी जड भार उचलणे हे रोजचे काम.

रेल्वेची कार्यशाळा कारखान्याच्या व्याख्येत बसते. पण गाडी चालती ठेवण्यासाठी जेथे इंजिनांची देखभाल होते, ती रनिंग शेड १९४८ च्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेली होती. म्हणजे भार तोच आणि पोलाद तेच असले, तरी जागा बदलली की कायदा बदलत असे. कायद्याने यंत्र मोजले, पण त्याला जागेला बांधून ठेवले.

४. यंत्र रस्त्यावर आले

झाशीजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि २७ एकमेकांना छेदतात. टेल लिफ्ट लावलेला ट्रक सकाळी कारखान्याच्या आवारात असतो, दुपारी दुकानापुढे रस्त्यावर. मोटार वाहन कायद्याचा मुख्य भर गाडीवर आहे : एकूण वजन, ब्रेक, दिवे. मग रस्त्यात उभ्या ट्रकवरच्या मंचाची जबाबदारी कोणाची?

ब्रिटनने १९७४ च्या कायद्यात जागेऐवजी कामाला केंद्रस्थानी ठेवले. १९९८ च्या उचलयंत्र नियमांमुळे कामासाठी वापरले जाणारे यंत्र कोठेही असले, तरी भाराची खूण आणि नियतकालिक तपासणी लागू झाली. माणसांना उचलणाऱ्या यंत्रासाठी मुदत ६ महिने, इतरांसाठी साधारणपणे १२.

भारतात २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने १३ कायदे एकत्र केले. कारखाना, गोदी आणि मोटार वाहतूक व्यवसाय आता एकाच संहितेत आहेत. मात्र मोटार वाहतूक व्यवसायासाठी १० कामगारांची अट आहे. दोन ट्रकांचा मालक या अटीखाली सहज बसत नाही, आणि त्याच्याकडचा हमालही.

५. एक आकडा पुरत नाही

समजा, मंचाच्या आतल्या कडेपासून ६०० मिमी अंतरावर १,००० किलो मान्य आहे. आघूर्ण झाले १,००० × ०.६ = ६०० किलो-मीटर. तोच भार १,२०० मिमीवर ठेवला, तर साध्या हिशेबाने मर्यादा ६०० ÷ १.२ = ५०० किलो. हमाल जड पेटी कडेलाच ठेवतो, कारण तेथून ती ओढणे सोपे जाते. म्हणून पाटीवर वजनाबरोबर अंतराची आकृती हवी, आणि ती हमालाला वाचता येईल अशी हवी.

सारांश

खुणेचा इतिहास जहाज, बंदर, कारखाना आणि रस्ता असा पुढे सरकला. प्रत्येक टप्प्यावर यंत्र आधी पोहोचले आणि नियम मागून आला. उद्या तुम्ही अभियंता म्हणून एखाद्या पाटीखाली सही कराल. त्या वेळी नोंदवही उघडून यंत्राची ओळखखूण जुळवल्याशिवाय पेन उचलू नका.

अभ्यासासाठी प्रश्न

१. १८७६ आणि १८९० मधील भाररेषेच्या नियमांतला फरक सांगा.

२. कलम २८ प्रमाणे लिफ्ट म्हणजे मार्गदर्शकांनी जिची दिशा बांधलेली आहे असा मंच किंवा पिंजरा. खांबांच्या खाचेतून सरकणारी टेल लिफ्ट आणि भुजांवर फिरणारी टेल लिफ्ट यांना हा निकष लावा. तपासणीची मुदत दोन्हींना सारखीच ठरेल का?

३. आपल्या महाविद्यालयाच्या कार्यशाळेतील एक चेन पुली ब्लॉक शोधा. आकडा, ओळखखूण व नोंद ही तिन्ही सापडतात का, ते तपासून लिहा.