चिंधी, कापूस आणि औषधी पट्टी : वऱ्हाडातील किरकोळ जखमेचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्यात शेतकामात हाताला होणाऱ्या लहानसहान जखमा पिकांच्या क्रमाने बदलत जातात. निंदणीच्या दिवसांत खुरपे बोटाला लागते. चिखली, मेहकर, लोणार अशा घाटावरच्या तालुक्यांत सोयाबीनच्या सोंगणीला विळा तळहात किंवा पोटरी कापतो, तर खामगाव, शेगाव, जळगाव जामोद या घाटाखालच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात कापसाची वेचणी सुरू झाली की उमललेल्या बोंडाची वाळून ताठ झालेली टोके वेचणारणीच्या नखांच्या मुळाशी पुनःपुन्हा टोचतात आणि तिथली त्वचा सोलवटून निघते. टाके घालावे न लागणाऱ्या, दवाखान्याच्या नोंदवहीत क्वचितच चढणाऱ्या या जखमांवर घरात आणि बांधावर काय बांधले जात होते, त्याचा इतिहास आजच्या एका व्यावहारिक प्रश्नाशी जोडलेला आहे. जंतुनाशक औषध लावलेली चिकटपट्टी साध्या पट्टीपेक्षा जखम लवकर भरून आणते का, हा तो प्रश्न होय.

या इतिहासातील सर्वांत जुनी वस्तू म्हणजे चिंधी, अर्थात जुन्या, मऊ झालेल्या लुगड्याची किंवा धोतराची फाडलेली पट्टी. श्रीकृष्णाचे बोट कापले असता द्रौपदीने अंगावरचे भरजरी वस्त्र फाडून त्याला बांधले, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते आणि १९५३ सालच्या ‘श्यामची आई’ या चित्रपटातील गाण्यामुळे ती आणखी पसरली. कापलेल्या बोटावरचा पहिला इलाज औषध नसून कापड आहे, ही समजूत तिच्यात गृहीतच धरलेली दिसते. शास्त्रग्रंथांतही बांधण्याला असेच मानाचे स्थान आहे. सुश्रुतसंहितेत व्रणाचे, म्हणजे जखमेचे, साठ उपक्रम सांगितले आहेत आणि पट्टी बांधण्याचे चौदा प्रकार शरीराच्या अवयवानुसार वेगळे केले आहेत. शोधन म्हणजे जखम स्वच्छ करणे आणि रोपण म्हणजे ती भरून आणणे, असा जो भेद तेथे आहे तो आजच्या चर्चेलाही उपयोगी पडतो, कारण जंतुनाशक द्रव्य फार तर पहिल्या कामात मदत करते, दुसरे काम शरीरालाच करावे लागते.

चिंधीच्या आत काय ठेवायचे, याबाबत मात्र परंपरा एकसुरी नव्हती. हळद सर्वत्र होती. जळालेल्या कापडाची राख, चुना, तूप, नुसती माती आणि काही ठिकाणी शेणही जखमेवर लावले जाई. शेतात काम चालू असेल तर बांधावरच्या एकदांडीचा पाला हातावर चोळून त्याचा रस पिळला जाई. दगडी पाला, कंबरमोडी अशीही नावे असलेली ही पांढऱ्या-पिवळ्या फुलाची वनस्पती खेड्यांत जुन्यातले जुने औषध मानली जाते, परंतु तिचे मूळ अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात आहे आणि युरोपीय लोक तिकडे पोहोचल्यानंतरच ती इकडे आली असणार. हळदीची गोष्ट याच्या उलट आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याच्या कृतीवर मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एकस्व, म्हणजे पेटंट, देण्यात आले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे आणि नियतकालिकांचे दाखले देऊन ते आव्हानित केले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. या निकालाने हळदीचा वापर जुना असल्याचे सिद्ध झाले. तिने जखम किती लवकर भरते हा त्या वादाचा विषय नव्हता, आणि विजयाच्या आनंदात हा फरक बहुतेकांच्या लक्षातून सुटला.

पट्टीच्या इतिहासात बुलढाण्याचे स्थान औषधापेक्षा कापसामुळे आहे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला एकाएकी मागणी आली. खामगावची बाजारपेठ मुख्य लोहमार्गाला जोडण्यासाठी जलंबपासून सुमारे १३ किलोमीटरचा फाटा टाकण्यात आला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत तो सुरू झाला. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये शस्त्रक्रियेत क्रांती घडत होती. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाने भिजवलेल्या पट्ट्यांचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि १८८० मध्ये बर्मिंगहॅमचे शल्यवैद्य सॅम्पसन गॅमजी यांनी शोषक कापसाची जाड पट्टी प्रचारात आणली.

शोषक कापूस आणि बोंडातला कापूस यांत फरक आहे, आणि तो पाण्याच्या वाटीत उघड दिसतो. सरकीपासून वेगळी केलेली कच्ची रुई पाण्यावर टाकली तर ती तशीच तरंगत राहते, कारण तिच्या प्रत्येक तंतूवर निसर्गतः मेणाचा पातळ थर असतो. हीच रुई दाहक सोड्याच्या पाण्यात उकळून, मेण काढून, विरंजित केली की काही सेकंदांत भिजून तळाशी बसते. घरातली रुई जखमेवर ठेवली की रक्त टिपण्याऐवजी तंतू मात्र चिकटून बसत, तर जुने, शेकडो वेळा धुतलेले लुगडे ते काम चांगले करी, याचे कारण हेच होते. शोषक कापूस करण्याला आखूड धाग्याचा, जाडाभरडा देशी कापूस लांब धाग्याच्या कापसापेक्षा अधिक जुळतो. सूतगिरण्यांनी कमी प्रतीचा ठरवलेला गावरान वाण, जो २००२ नंतर बीटी बियाण्यांच्या लाटेत या शेतांतून जवळपास हद्दपार झाला, तो जखमेच्या दृष्टीने उजवा होता, याची नोंद कापसाच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

तयार चिकटपट्टी १९२० मधली. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीत कापूस खरेदीचे काम करणारे अर्ल डिक्सन यांची पत्नी जोसेफिन हिची बोटे स्वयंपाक करताना वारंवार कापत, आणि तिला एकटीला बांधता यावे म्हणून त्यांनी चिकट फितीवर कापडाची घडी ठेवून ही वस्तू तयार केली. पुढच्या वर्षी ती बाजारात आली. तिचा शोध स्वयंपाकघरात लागला आणि तो लावणारा मनुष्य कापसाच्या व्यवहारातला होता, ही गोष्ट वऱ्हाडच्या वाचकाला जवळची वाटावी. भारतात ही पट्टी हळूहळू रुळली आणि आज ती खेड्यातल्या किराणा दुकानातही बरणीच्या झाकणाला टाचलेल्या माळेतून सुटी मिळते. तिच्या ‘जंतुनाशक’ प्रकारात घडीला बहुधा बेंझाल्कोनियम क्लोराइड हे द्रव्य लावलेले असते. जंतूंची आवरणे फोडणाऱ्या या रसायनाचा जंतुनाशक म्हणून उपयोग जर्मन संशोधक गेरहार्ड डोमाक यांनी १९३५ मध्ये जगापुढे आणला.

आता मूळ प्रश्न. जंतू मारणारे द्रव्य पेशींनाही मारू शकते, हे पहिल्या महायुद्धातच लक्षात आले होते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी फ्रान्समधील लष्करी रुग्णालयात दाखवून दिले की खोल जखमेत ओतलेली तीव्र जंतुनाशके कोपऱ्याकोपऱ्यातल्या जंतूंपर्यंत पोहोचत नाहीत, पण जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मात्र नष्ट करतात. पट्टीवरची मात्रा त्या तुलनेने अगदी सौम्य असल्याने तिच्यामुळे तसा धोका नाही. लाभ किती, एवढेच पाहायचे. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवरील प्रयोगांत दाखवले की उघड्या ठेवून खपली धरू दिलेल्या जखमेपेक्षा पातळ पडद्याने झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने येते. कडेच्या त्वचापेशी ओल्या पृष्ठावरून सरपटत पुढे जातात. कोरडी खपली आड आली की त्यांना तिच्या खालून वाट काढावी लागते. १९९६ मध्ये अमेरिकेत ९२२ रुग्णांच्या त्वचेवरील शस्त्रक्रियेच्या जखमांवर साधे पांढरे व्हॅसलीन आणि बॅसिट्रॅसिन हे प्रतिजैविक मलम यांची तुलना झाली, तेव्हा जंतुसंसर्ग अनुक्रमे २ आणि ०.९ टक्के रुग्णांना झाला, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही, आणि प्रतिजैविक मलमाच्या गटातील चौघांना मात्र त्याच मलमाची ॲलर्जी झाली. त्या जखमा निर्जंतुक खोलीत केलेल्या होत्या, मातीत राबणाऱ्या हाताच्या नव्हत्या, हे विसरून चालणार नाही. तरीही या सर्व पुराव्यांचा रोख एकाच बाजूला आहे : वाहत्या स्वच्छ पाण्याने जखम नीट धुतली आणि स्वच्छ, ओलसर आवरणाखाली ठेवली, तर किरकोळ जखम भरून येण्यात पट्टीवरच्या औषधाचा वाटा फार लहान उरतो. पट्टी उपयोगी आहे ती मुख्यतः पट्टी म्हणून, आणि म्हणूनच धुतलेली चिंधी कमअस्सल नव्हती. दोष होता तो तिच्या आतल्या मातीत आणि शेणात.

हा दोष प्राणघातक होता. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू, म्हणजे प्रतिकूल काळात टिकून राहणारी त्यांची निद्रिस्त रूपे, शेणखत पडणाऱ्या जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात, आणि बाभळीच्या काट्याने किंवा गंजलेल्या खिळ्याने झालेल्या खोल, हवा न पोहोचणाऱ्या जखमेत ते जागे होतात. शरीर धनुष्यासारखे वाकवणाऱ्या या विकाराचे वर्णन सुश्रुतानेही केले आहे. त्यावर कोणतीही पट्टी चालत नाही, औषधी असो वा साधी. तेथे लसच लागते. गरोदर स्त्रियांना लस, दवाखान्यातली बाळंतपणे आणि नाळ कापण्याला स्वच्छ पाते, यांमुळे २०१५ मध्ये माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे भारतात जाहीर झाले. किरकोळ जखमेच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हा आहे, आणि औषधी पट्टीच्या जाहिरातीत त्याचा उल्लेख नसतो.

कारखान्यांतील जखमांसाठी कायद्याने वेगळी व्यवस्था केली. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी ठेवणे बंधनकारक होते, आणि कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या जिनिंग-प्रेसिंगच्या आवारांनाही ते लागू होते. त्या जिनिंगला कापूस पुरवणाऱ्या शेताला मात्र असे कलम नाही. तेथे सकाळच्या दवाने ओल्या पऱ्हाटीत हात घातला की चिकटपट्टीची कड सुटू लागते, दोन-तीन तास वेचून होईपर्यंत ती बोटावरून निसटते, आणि म्हणून अनुभवी वेचणारीण पट्टी लावली तरी तिच्यावरून पदराच्या कडेची एक चिंधी गुंडाळते व तिची गाठ दातांनी घट्ट करते.