बर्फावरचा दंड

२१ फेब्रुवारी २००० च्या रात्री व्हँकुव्हरमध्ये आईस हॉकीचा सामना संपत आला होता. घड्याळात मोजकेच सेकंद उरले होते. तेवढ्यात बॉस्टन ब्रुइन्सच्या मार्टी मॅक्सॉर्लीने मागून येऊन डोनाल्ड ब्रॅशियरच्या डोक्यावर काठी हाणली. ब्रॅशियर उताणा कोसळला, डोकं बर्फावर आपटलं आणि अंगाला झटके येऊ लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅनडातल्या कोर्टाने मॅक्सॉर्लीला दोषी ठरवलं. गुन्हा होता शस्त्राने हल्ला केल्याचा. ज्या काठीशिवाय हा खेळ खेळताच येत नाही, तिला कायद्याने शस्त्र म्हटलं.

मराठी कानाला यात फारसं नवल वाटू नये. काठी आणि शासन या दोहोंना आपण पिढ्यान्‌पिढ्या एकाच शब्दाने ओळखत आलो आहोत: दंड. मुंजीत बटूच्या हाती दिला जातो तो पळसाचा दंड. राजाच्या हातात असतो तो राजदंड. सिग्नल तोडला की पोलीस पावती फाडतो तोही दंडच. खांदा आणि कोपर यांमधला हाताचा भाग म्हणजे दंड, आणि तो कमवायला तालमीत काढतात तेही दंड. त्याच घरातून पुढे दंडेली निघाली, उद्दंड निघाला, दंडाधिकारी निघाला आणि काही चूक नसताना खिशाला बसणारा भुर्दंडही निघाला. काठी, ती चालवणारा बाहू, त्या बळावर उभी राहिलेली सत्ता आणि त्या सत्तेने केलेली शिक्षा ही सगळी साखळी या एका शब्दात आहे. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे एनएचएलचा, मारामारीचा इतिहास वाचताना हा शब्द मला सतत हाताशी लागतो.

आपण नुसतं हॉकी म्हटलं की डोळ्यांसमोर गवत येतं आणि ध्यानचंद येतात. बर्फावरच्या हॉकीत पायात धारदार स्केट्स असतात, चेंडूऐवजी रबराची कडक चकती असते, आणि अंगावर धावून जाणं नियमातच बसतं. त्या चकतीचं नाव ‘पक’. कोशकार या शब्दाचा संबंध आयरिश ‘पॉक’शी जोडतात, आणि त्याचा अर्थ ठोसा, तडाखा. आयर्लंडच्या हर्लिंग या खेळात चेंडूला काठीने मारलेल्या फटक्याला आजही पकच म्हणतात. मॉन्ट्रियलच्या वर्तमानपत्रात हा शब्द १८७६ साली छापून आला. म्हणजे ज्या वस्तूसाठी सगळी धावाधाव, तिच्या नावातच तडाखा बसलेला आहे.

त्याहून जवळचा शब्द ‘चेक’. चकती ज्याच्याकडे आहे त्याला खांद्याने किंवा कमरेने धडकून रोखायचं, याला बॉडीचेक म्हणतात. या चेकचं मूळ फारसी ‘शाह’. बुद्धिबळात राजावर हल्ला झाला की ‘शाह’ म्हणून सावध करायचं, ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत गेलं आणि चेक झालं. आधी अर्थ होता राजाला अडवणं, मग कुणालाही अचानक थोपवणं, मग तपासणं. बँकेतला चेक आणि चेक्सचा शर्ट हीदेखील याच घरची मंडळी. आणि फारसीतून सरळ मराठीत उतरलेला त्याचा सख्खा भाऊ म्हणजे आपला ‘शह’. शह देणं, शह-काटशह हे आपण राजकारणाबद्दल रोज बोलतो. तेव्हा बॉडीचेकला ‘अंगाने दिलेला शह’ म्हटलं तर ते ओढूनताणून केलेलं भाषांतर ठरत नाही. शब्द मुळातच एक आहे.

शह या शब्दात एक मर्यादाही आहे, आणि ती मला मोलाची वाटते. शह दिला म्हणजे मात केली असं होत नाही. समोरच्याला अडवायचं, वाट बदलायला लावायचं, संपवायचं नाही. मार्च २०१० मध्ये पिट्सबर्गच्या मॅट कुकने बॉस्टनच्या मार्क सॅव्हर्डला आंधळ्या बाजूने डोक्यावर धडक दिली. सॅव्हर्डच्या मेंदूला मार बसला. तो पुन्हा खेळला, पण पुढच्याच हंगामात त्याची कारकीर्द संपली. कुकला शिक्षा झाली नाही, कारण त्या वेळच्या नियमांत ती धडक बसत होती. त्याच महिन्यात लीगने घाईने नवा नियम केला: आंधळ्या बाजूने येऊन डोक्याला लक्ष्य करणारी धडक बेकायदा. चेक या शब्दाला त्याचा मूळ अर्थ परत मिळायला एका माणसाच्या मेंदूची किंमत मोजावी लागली.

मुठींची मारामारी ही मात्र चेकपेक्षा वेगळी गोष्ट. ती सुरू होते हातमोजे टाकून. जाड हातमोजे आणि काठी बर्फावर पडली की दोघांचा इरादा सगळ्या स्टेडियमला कळतो. आपल्याकडे आखाड्यात पैलवान दंड थोपटतो, शड्डू ठोकतो, त्यातून जे सांगितलं जातं तेच इथे हातमोजे सांगतात. मग एकमेकांची जर्सी पकडून ठोसे चालतात. जर्सी डोक्यावरून ओढली की माणूस आंधळा होतो आणि हातही अडकतात, म्हणून जर्सीला आतून एक पट्टा शिवलेला असतो आणि तो पँटला अडकवणं लीगने सक्तीचं केलं आहे. दोघांपैकी एक खाली पडला की लाइन्समन, म्हणजे बर्फावरचे पंच, मध्ये पडतात. तोवर ते बहुधा बाजूला उभे असतात.

२०१३ साली लीगने नियम केला की मारामारीआधी स्वतःचं हेल्मेट काढलं तर दोन मिनिटं जादा शिक्षा. त्या सप्टेंबरमधल्या एका सराव सामन्यात दोन खेळाडू समोरासमोर आले, त्यांनी हलक्या हाताने एकमेकांची हेल्मेटं काढली आणि मग ठोसेबाजी सुरू केली. नियमाचं अक्षर पाळलं गेलं. एकमेकांबद्दलचा आदरही खरा होता. उघडी डोकी मात्र कडक बर्फावर तशीच राहिली.

हा आदर जिथून येतो त्याला खेळाडू ‘द कोड’ म्हणतात. पाठमोऱ्याला मारू नये, पडलेल्याला मारू नये, तयार नसलेल्यावर हात टाकू नये, आमच्या चांगल्या खेळाडूला कुणी दुखावलं तर त्याने जाब द्यावा. मराठीत याला नेमका शब्द आहे, दंडक. ‘आमच्याकडे असा दंडक आहे’ म्हणतो तेव्हा आपण न लिहिलेला, पण मोडता न येणारा रिवाजच सांगत असतो. गंमत म्हणजे इंग्रजी कोडही लाकडातूनच आलेला आहे. लॅटिन ‘कॉडेक्स’ म्हणजे आधी झाडाचा बुंधा, मग लाकडी पाट्या, मग त्यांवर लिहिलेलं पुस्तक, मग कायद्यांचा संग्रह.

दंडक राखायला माणूस लागतो. तो ‘एन्फोर्सर’. त्याआधी त्याला ‘पोलिसमन’ म्हणत. चिडून बोलायचं तर ‘गून’ म्हणत. गून आणि आपला गुंड यांचं नातं जोडायचा मोह अनेकांना होतो, पण त्याला आधार नाही. गून इंग्रजीत रुळला तो १९३० च्या दशकात, पॉपायच्या चित्रकथेतल्या ॲलिस द गून या आडदांड पात्रामुळे. मला विचाराल तर एन्फोर्सरला मराठीत ‘दादा’ म्हणावं. दादा म्हणजे थोरला भाऊ आणि दादा म्हणजे गल्लीतला दांडगा, हे दोन्ही अर्थ इथे एकाच अंगावर असतात. वेन ग्रेट्झ्कीसारख्या असामान्य खेळाडूच्या मागे असा दादा सावलीसारखा उभा असे. १९८८ साली ग्रेट्झ्की एडमंटन सोडून लॉस एंजेलिसला गेला तेव्हा त्याच्याबरोबर एक दादाही गेला. तो हाच मार्टी मॅक्सॉर्ली.

असाच दुसरा दादा डेरेक बुगार्ड सहा फूट सात इंच उंच होता, कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात वाढलेला. एनएचएलच्या २७७ सामन्यांत त्याने तीन गोल केले. त्याच्या नावापुढे शिक्षेची मिनिटं आहेत ५८९, म्हणजे जवळजवळ दहा तास. आईस हॉकीच्या तक्त्यात गोलांच्या शेजारीच ही मिनिटं छापतात, आणि दादाच्या बाबतीत तीच त्याची लायकी सांगतात. मे २०११ मध्ये वेदनाशामक गोळ्या आणि दारू एकत्र होऊन बुगार्ड गेला. वय २८. बॉस्टनच्या संशोधकांनी त्याचा मेंदू तपासला तेव्हा त्यात सीटीई आढळला. डोक्याला वारंवार मार बसलेल्यांमध्ये दिसणारा मेंदूच्या ऱ्हासाचा हा आजार आहे आणि त्याचं खात्रीचं निदान मृत्यूनंतरच होतं. आदल्या वर्षी पंचेचाळिसाव्या वर्षी गेलेल्या बॉब प्रोबर्टच्या मेंदूतही तोच आढळला होता. भुर्दंड म्हणतात तो हा. दंडक सगळ्यांचा होता, त्याची किंमत मात्र दादाने भरली.

आता शिक्षेच्या शब्दाकडे येतो. पेनल्टीचं मूळ ग्रीक ‘पॉइने’. खून झाला तर खुन्याच्या बाजूने मृताच्या कुटुंबाला भरायची रक्कम म्हणजे पॉइने. ती दिली की सूड थांबायचा, हिशेब मिटायचा. त्यावरून लॅटिन ‘पॉएना’ आला, आणि त्यातून इंग्रजीतले ‘पेन’ आणि ‘पेनल्टी’ असे वेदना आणि दंड दोन्ही निघाले. एनएचएलने १९२२ साली मुठींच्या मारामारीला पाच मिनिटांची शिक्षा लिहून ठेवली, आणि ती याच जातीची आहे. दोघेही पाच मिनिटं बाकावर बसतात, आणि दोघांनाही सारखीच शिक्षा असल्याने त्यांच्या जागी दुसरे खेळाडू उतरतात. कुणाचा संघ अपुरा पडत नाही, समोरच्याला पॉवर प्ले, म्हणजे जादा खेळाडूचा फायदा, मिळत नाही. (हा शब्द आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक आहे, पण आईस हॉकीत तो कितीतरी आधीपासून आहे.) दंड भरला, हिशेब मिटला, पुन्हा मैदानात. शंभर वर्षं हे असंच चाललं, कारण भरायला तो दंड फार स्वस्त होता.

शिक्षा या शब्दाचं अंतरंग वेगळं आहे. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणं, आणि हिंदीत अजूनही शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीने तो शब्द छडीकडे वळवला, पण धातू ‘शिक्ष्’च राहिला. इंग्रजी ‘डिसिप्लिन’ही शिष्याच्या लॅटिन शब्दावरून आलेला आहे. आपला ‘शिस्त’ फारसीतून आला, आणि तिथे त्याचा अर्थ आहे नेम. हिंदी-उर्दूत नेम धरण्याला आजही शिस्त बांधणं म्हणतात. मॅक्सॉर्लीच्या खटल्यात सगळा वाद नेमाचाच होता. त्याचं म्हणणं, मी खांद्यावर नेम धरला होता, ब्रॅशियरला पुन्हा लढायला भाग पाडण्यासाठी. न्यायाधीशांनी ठरवलं की नेम डोक्यावरच होता.

ज्या दंडातून कुणी काही शिकलंच नाही, त्याला शिक्षा म्हणायला माझं मन धजत नाही. मॅक्सॉर्लीच्या खटल्यानंतरही, ८ मार्च २००४ ला एनएचएलच्याच एका सामन्यात टॉड बर्टूझीने स्टीव्ह मूरला मागून ठोसा मारून बर्फावर आदळलं. मूरच्या मानेचे मणके मोडले आणि तो पुन्हा कधी खेळला नाही. बर्टूझीने कोर्टात गुन्हा कबूल केला, त्याला ८० तास समाजसेवा करावी लागली, आणि २००५ साली तो लीगमध्ये परतला. बदल घडला तो मृत्यूंच्या नोंदी जमल्यावर. २०११ साली लीगने खेळाडूंच्या सुरक्षेचा स्वतंत्र विभाग काढला. संघांनी केवळ मारामारीसाठी माणूस बाळगणं हळूहळू सोडलं, आणि मारामाऱ्या आज दीड दशकापूर्वीच्या निम्म्यावर आल्या आहेत. २०१७ पासून तो विभाग जॉर्ज पॅरोसकडे आला. तोही एकेकाळचा दादाच. ऑक्टोबर २०१३ मध्ये मॉन्ट्रियलला मारामारीत तोंडावर पडल्याने त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं होतं. दंड खाल्लेल्या माणसाच्या हाती दंड देण्याचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही, पण त्याच्या विभागाला निव्वळ मुठींच्या मारामारीवर फारसं काही करता येत नाही, कारण तिची किंमत नियमात आधीच ठरलेली आहे. क्युबेकच्या ज्युनियर लीगने २०२३ साली ती किंमतच बदलली. तिथे १६ ते २० वर्षांची मुलं खेळतात आणि हातमोजे टाकून मारामारी केली की उरलेल्या सामन्यातून बाद होतात. हीच मुलं पुढे एनएचएलमध्ये आली की त्यांना पुन्हा पाच मिनिटांचाच हिशेब सांगितला जातो. लीगने हा नियम क्युबेककडून उचलावा, आणि तो येत्या हंगामापासूनच.