डोंगरावरचा मुक्काम



चैत्र सरला की खानदेशात एकच विषय बोलला जातो, तो म्हणजे ऊन. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांपाशी जाऊन बसतो, केळीच्या बागा होरपळतात आणि पत्र्याखाली काम करणारा माणूस दुपारी पोत्यावर पाणी शिंपडून त्यावर पाठ टेकतो. अशा दिवसांत आमच्या युनियनच्या कचेरीत पगाराच्या तक्रारींबरोबर आणखी एक प्रश्न येऊ लागला आहे : “भाऊ, दोन दिवस वर जायचं म्हणतो. उतरावं कुठं?”

प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या पाठीशी दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. मी शाळेत फार शिकलो नाही. जे वाचले ते वाचनालयांतून आणि संपाच्या काळातील रिकाम्या दुपारी. त्या वाचनाच्या आधारे या प्रश्नाचा माग काढावा, एवढाच आजचा हेतू आहे.

थंड हवेची आपली ठिकाणे कशी वसली? विदर्भातील चिखलदरा १८२३ साली एका इंग्रज कप्तानाच्या नजरेस पडले. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा मिळविली. तेथील पेठेला माल्कमचेच नाव पडले. माथेरान १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याने शोधले असे पुस्तके सांगतात; ‘शोधले’ म्हणावयाचे एवढेच, कारण डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या वावरणाऱ्या माणसांना ते कधी हरवलेच नव्हते. त्या काळी हिवताप दूषित हवेने होतो असा समज होता. डासाचा त्यातील वाटा रोनाल्ड रॉसने दाखवून दिला तो १८९७ साली. म्हणून साहेब आधी उंची पाही, मग बारमाही पाणी, मग चढण्याजोगी वाट. ही पारख चांगलीच होती आणि आजही ती सोडण्याचे कारण नाही.

मात्र बंगल्याची जागा साहेबाने निवडली तरी बंगला चालविला कोणी? महाबळेश्वरला १८३४ साली चिनी आणि मलायी कैद्यांसाठी तुरुंग उघडण्यात आला, तो तीस वर्षे चालला. तेथील रस्ते आणि भाजीपाल्याचे मळे यांत त्या कैद्यांचा घाम आहे. माथेरानला १९०७ साली छोटी आगगाडी चढली, पण स्थानकापासून मुक्कामापर्यंत पाहुणा जाई तो माणसाने ओढलेल्या रिक्षेतून. ही हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२५ च्या ऑगस्टमध्ये! म्हणजे स्वातंत्र्यानंतरही अठ्ठ्याहत्तर वर्षे एकाची सुट्टी दुसऱ्याच्या छातीवरून चढत होती. मुक्कामाच्या इतिहासातले हे पहिले प्रकरण. त्याचे नाव श्रम.

दुसरे प्रकरण आपल्या खानदेशातच घडले आहे. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यास समिती नेमली. तिचे एक सभासद डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्याकडील काम आटोपून परतत असता चाळीसगावास उतरले. तेथील महारवाड्यातील मंडळींनी एक रात्र मुक्कामाचा आग्रह धरला होता. स्टेशनावर टांगे होते, पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकण्यास टांगेवाले तयार होईनात. अखेर टांगा भाड्याने मिळाला आणि तो हाकावयास बसला समाजातलाच एक माणूस, ज्याने आयुष्यात कधी लगाम धरला नव्हता. पुलाजवळ टांगा कलंडला, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले आणि घोडा गाडीसह नदीत पडला. परदेशांतल्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेल्या बॅरिस्टराला एका रात्रीच्या मुक्कामाला पोचण्यासाठी जीव धोक्यात घालावा लागला, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

पुढे ३१ जुलै १९३७ रोजी ते एका खटल्यासाठी धुळ्यास आले, तेव्हा लळिंगच्या कुरणातील डोंगरावरच्या लांडोर बंगल्यात राहिले. त्या मुक्कामाची आठवण म्हणून दरवर्षी ३१ जुलैला तेथे लोक जमतात. अशा मुक्कामाची यात्रा व्हावी, यावरून त्या माणसांना ‘उतरावयास जागा मिळणे’ या गोष्टीचा अर्थ किती खोल कळला होता ते दिसते. १९५० साली राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने हॉटेल आणि उपाहारगृहाचे दार जातीच्या नावाने बंद करण्यास मनाई केली. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने धर्मशाळेतही असा मज्जाव करणे हा गुन्हा ठरविला. दार उघडले ते कोणाच्या कृपेने नव्हे, कायद्याने.

तिसरे प्रकरण सुट्टीचे. दार उघडे असून काय करावयाचे, जर जाण्याच्या दिवसाची मजुरी कापली जात असेल? १९३६ साली फ्रान्सच्या कामगारांनी गिरण्या-कारखान्यांत ठाण मांडून संप केले आणि दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळविली. त्याच वर्षी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने पगारी रजेचा ठराव केला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. जळगाव, धुळे, अमळनेर येथील गिरण्यांचे भोंगे आता बंद पडले, पण कायम कामगाराला ही रजा ठाऊक झाली. ठेकेदाराच्या हमालाच्या वाट्याला मात्र ती क्वचितच येते.

आता आपल्या डोंगराकडे वळू. सातपुड्यातील तोरणमाळ पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात मोडते. उंची सुमारे साडेअकराशे मीटर. हजार मीटर चढले की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे तळी शहाद्याला त्रेचाळीस अंश असता वर छत्तीस-सदतीस. काश्मीर नव्हे, परंतु खानदेशी माणसाला रात्री पांघरूण आठवावे एवढे खरे. शहाद्याहून सातपायरीचा घाट चढून गेले की यशवंत तलाव लागतो. पुढे कमळांचे तळे, सीताखाई, गोरक्षनाथांचे मंदिर. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. भोवती पावरा आणि भिल्ल बांधवांची वस्ती आहे.

काही वर्षांपूर्वी जळगावच्या डाळ गिरण्यांतील आम्ही पंधरा-वीसजण कुटुंबांसह तेथे गेलो. पुष्कळांचे म्हणणे पडले की सकाळी जावे, संध्याकाळी परतावे. मुक्कामाचा खर्च कशाला? मी हट्ट धरला की रात्र वरच काढावयाची. कारण डोंगराचा गारवा कळतो तो रात्री. आणि रात्री परतणे हा गरिबाने स्वतःवर लादलेला जुनाच नियम आहे. सर्वांनी मानले. जागा मी निवडली. तलावापासून दूर, म्हणून स्वस्त. आणि चूल मांडून स्वतः रांधण्याची सोय, म्हणून आणखी स्वस्त. हिशेब करून मी खूष होतो.

परतताना अमळनेरकडची एक बाई, गिरणीत डाळ निवडणारी, मला म्हणाली, “भाऊ, डोंगर चांगला व्हता, पन चूल घरनीच व्हती.” मी गप्प झालो. दोन दिवस आम्ही पुरुष तलावकाठी बसलो होतो आणि बायका लांबून पाणी आणून वीस माणसांच्या भाकरी थापीत होत्या. आयुष्यभर मालकांना आठ तासांचा हिशेब विचारणारा मी! साहेबाच्या बंगल्यामागे नोकराची खोली असे. आमच्या मुक्कामात ती खोली आम्ही आपल्याच बायकांना दिली होती. चूक माझी होती आणि ती या सभेत कबूल केलेली बरी.

पुढच्या वर्षी आम्ही गावालगत उतरलो. जेवण एका पावरा कुटुंबाकडे सांगितले. त्यांनी सांगितलेला भाव घासाघीस न करता मान्य केला आणि निम्मे पैसे आधी दिले. ज्वारीची भाकरी, तुरीची डाळ, तिखट चटणी. माणशी खर्च थोडा वाढला. तो आम्ही महिना-महिना थोडे बाजूला टाकून आधीच जमविला होता. त्या संध्याकाळी तीच बाई तलावाच्या काठावर पाय सोडून बसली होती. सूर्य बुडाला तरी उठली नाही. कोणी तिला उठविलेही नाही.

तेव्हा, “उतरावं कुठं?” असे मला आता कोणी विचारले की मी आधी साहेबाची पारख सांगतो. पाणी जवळ आहे का ते पाहा. वाट कशी आहे, एस.टी.ची परतीची शेवटची गाडी केव्हा सुटते, हे निघण्यापूर्वी विचारा. आषाढ-श्रावणात घाटात धुके दाटते आणि शिवरात्रीला जागा मिळत नाही, हे ध्यानात ठेवा. मग साहेबाने कधी न विचारलेले दोन प्रश्न विचारा. तुमच्या विसाव्यासाठी तेथे कोण राबणार आहे, आणि त्याला रास्त दाम मिळणार आहे का? आणि तुमच्याबरोबर आलेल्यांपैकी सुट्टी न मिळालेले कोणी राहिले आहे का?

दार कायद्याने उघडले आणि रजा लढ्याने मिळाली. हे दोन प्रश्न मात्र कोणताही कायदा आपल्यासाठी विचारणार नाही. ते आपले आपणच, गाठोडे बांधण्यापूर्वी विचारावयाचे आहेत.