श्वार्त्सवाल्डचे घड्याळकार

जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ऱ्हाईन नदीच्या पूर्वेस, सूचिपर्णी वृक्षांच्या दाट छायेने काळवंडलेली जी पर्वतराजी आहे, ती श्वार्त्सवाल्ड किंवा ब्लॅक फॉरेस्ट या नावाने सर्वश्रुत आहे. आणि भिंतीवरच्या लाकडी घरकुलाचे कवाड उघडून तासातासाला साद घालणारा कुक्कू पक्षी जगभर गेला तो याच मुलखातून. त्याचे श्रेय स्वित्झर्लंडला देण्याचा प्रघात पडला आहे; तो सर्वथा निराधार होय.

अशा घड्याळाची कल्पना मात्र येथील नव्हे. सॅक्सनीच्या इलेक्टरच्या मालकीच्या तशा घड्याळाचे वर्णन फिलिप हाइनहोफर याने 1629 मध्येच लिहून ठेवले आहे. शोनवाल्डच्या फ्रांत्स आंटोन केटररने 1730 च्या सुमारास चर्चमधील ऑर्गनचे भाते पाहून ही युक्ती योजली, ही लोकप्रिय कथा 1810 मधील एका लेखनावर उभी आहे, म्हणून ती आख्यायिका समजणेच इष्ट. युक्ती मात्र खरोखरच भात्यांची आहे : आत दोन लाकडी शिट्ट्या, प्रत्येकीवर एक चिमुकला भाता; ठोक्यांची चक्रे तारांनी ते भाते पाठोपाठ उचलून सोडतात आणि आधी चढा, मग उतरता असे दोन स्वर उमटतात.

ही विद्या या डोंगराळ प्रदेशात रुजली, याचे कारण मला तेथील बर्फात, लाकडात आणि वारसाहक्कात दिसते. वडिलोपार्जित शेतीची हिस्सेवाटणी न करता ती अखंड एकाच मुलाच्या, बहुधा धाकट्याच्या, हाती सोपवण्याची तेथे रूढी होती. आपल्याकडे वाटण्यांनी शेताचे तुकडे पडतात. तेथे शेत अभंग राहिले, परंतु उरलेल्या भावंडांना उदरनिर्वाहासाठी एखादा हुन्नर शोधणे प्राप्त झाले. हिमाच्छादित दीर्घ हिवाळ्यात घरातच बसून, हाताशी असलेल्या लाकडाची चक्रे कातून त्यांनी घड्याळे घडवली, आणि पाठीवरच्या चौकटीत ती बांधून फेरीवाले इंग्लंड, रशिया आणि तुर्कस्तानापर्यंत पायपीट करू लागले.

ज्या रूपास आज आपण परंपरागत म्हणतो, ते मात्र शेतकऱ्याच्या झोपडीतून आलेले नाही. ते बाडेन संस्थानच्या सरकारी धोरणातून जन्मले. स्वस्त अमेरिकन घड्याळांमुळे हा धंदा डबघाईस आला, तेव्हा संस्थानने 1850 मध्ये फुर्टवांगेन येथे घड्याळकारांची शाळा काढली, आणि तिचे पहिले संचालक रॉबर्ट गेर्विग यांनी त्याच वर्षी नव्या घड्याळाच्या आराखड्यांसाठी जाहीर स्पर्धा पुकारली. लोहमार्गाच्या इमारती बांधणारे वास्तुविशारद फ्रीडरिख आइझेनलोर यांनी रेल्वे चौकीदाराच्या घराचा दर्शनी भाग घेतला, त्यावर तबकडी बसवली आणि भोवती वेली चढवल्या. पुढे योहान बाप्टिस्ट बेहा आणि इतर कारागिरांनी त्यावर कोरीव पाने-पक्षी आणले, वजनांना सूचिपर्णी वृक्षांच्या शंकूंचा आकार दिला. म्हणून या घड्याळाचे लोककलात्व कमी होत नाही, असे माझे ठाम मत आहे. दप्तरातून निघालेल्या आराखड्यात प्राण ओतणारे हात खेड्यातील कारागिरांचेच होते.

हेच गेर्विग पुढे 1873 मध्ये पूर्ण झालेल्या श्वार्त्सवाल्ड लोहमार्गाचे शिल्पकार ठरले. ट्रिबर्गपर्यंत आजही त्यावरून जाता येते. 1992 पासून सुमारे 320 किलोमीटरच्या ‘घड्याळमार्गा’ने फिलिंगन-श्वेनिंगन, सेंट गेओर्गेन, ट्रिबर्ग, शोनाख, फुर्टवांगेन ही गावे एका सूत्रात गुंफली आहेत. ट्रिबर्ग आणि शोनाखच्या परिसरात घराएवढी प्रचंड कुक्कू घड्याळे आहेत आणि प्रवासी तिकडेच लोटतात. पण खऱ्या शौकिनाने प्रथम फुर्टवांगेनचे संग्रहालय गाठावे. गेर्विग यांनीच 1852 मध्ये जुनी घड्याळे मिळवण्यास आरंभ करून त्याचा पाया घातला. लाकडी चक्रांपासून रंगीत फलकांच्या आणि पुढे कोरीव घरकुलांच्या घड्याळांपर्यंतचा प्रवास तेथे डोळ्यांनी पाहता येतो, आणि तो पाहिल्यावर ट्रिबर्गच्या दुकानातील कोणत्या घड्याळात हाताचे कोरीवकाम आहे आणि कोणते केवळ यंत्राने कातलेले, हे निवडणे बरेच सोपे जाते.