लोहमार्ग आणि मूत्रकृच्छ्र

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून सुटलेली आगगाडी ठाण्यास पोहोचली आणि पुढील वर्षीच्या १ मे रोजी तिने कल्याण गाठले. या घटनांनी येथील व्यापारउदीम आणि वस्ती यांचे स्वरूप कसे पालटले, हे पुष्कळांनी लिहिले आहे. परंतु त्याच लोहमार्गाने येथील स्त्रियांच्या प्रकृतीवर जो भार टाकला, त्याकडे इतिहासलेखकांचे लक्ष क्वचितच गेले.

मूत्रकृच्छ्र, म्हणजे लघवीस जळजळ व त्रास होण्याची ही व्याधी, अर्थातच आगगाडीहून प्राचीन आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात, मूत्राचा वेग अडवून धरल्याने बस्तिशूल आणि मूत्रकृच्छ्र उद्भवते, असे स्पष्ट सांगितले आहे. घरात कोणाला उन्हाळी लागली की गोखरूचा काढा किंवा धने-जिऱ्याचे पाणी देण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. एशरिख या वैद्यकतज्ज्ञाने १८८५ साली आतड्यातील ज्या जंतूचे वर्णन केले, तोच या विकाराचा प्रमुख कारक ठरला. आणि स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असल्याने तो मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतो, हेही उमगले. पुढे १९५६ साली कास या वैद्यकसंशोधकाने मूत्राच्या एका मिलिलिटरात लाखभर जंतू, हा निदानाचा निकष मांडला. आजही प्रयोगशाळेत पहिली धार सोडून मधली धार स्वच्छ बाटलीत घ्यावयास सांगतात, ती बाहेरील जंतूंनी हा हिशेब बिघडू नये म्हणून.

ज्ञान वाढले, तरी संकोच ओसरला नाही. कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना, म्हणजेच डॉ. आनंदीबाई जोशी, यांनी १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथील भाषणात हिंदुस्थानास स्त्री-डॉक्टरांची निकड असल्याचे सांगितले आणि १८८६ साली अमेरिकेत पदवी मिळवली; तथापि लज्जेने दुखणे लपविण्याची रीत त्यानंतरही दीर्घकाळ टिकली.

उपनगरी गाड्यांनी या संकोचात नव्या अडचणीची भर घातली. या गाड्यांत शौचालयाची तरतूद नाही. कसाऱ्याहून मुंबईस जाणाऱ्यास सुमारे अडीच तास तसेच बसावे लागते. म्हणून डोंबिवलीची नोकरदार स्त्री घरून निघताना घोटभरच पाणी पिते, दिवसभर वेग आवरते आणि सायंकाळी पिशवीतील बाटली जवळजवळ भरलेलीच घरी आणते. वारंवार जंतूंचा हा मूत्रविकार होणाऱ्या आणि मुळात कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांवरील प्रयोगाचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला: रोज दीड लिटर पाणी अधिक प्यायलेल्या स्त्रियांत विकार उलटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले.

जळजळ होताच मूत्रतपासणी करावी, डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावे, आणि थंडी वाजून ताप येऊन कमरेच्या बाजूस कळ उठल्यास, जंतू मूत्रपिंडापर्यंत गेल्याची शंका धरून, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, हे रुग्णाचे कर्तव्य होय. परंतु पाणी प्यावे, हा उपदेश करणाऱ्या समाजावर, प्यायलेल्या पाण्याची सोय करण्याचेही उत्तरदायित्व येते. प्रत्येक स्थानकावर आणि बाजारपेठेत स्त्रियांसाठी स्वच्छ, निर्भय आणि विनामूल्य स्वच्छतागृह राखणे हा रोगप्रतिबंधाचाच भाग आहे, आणि रेल्वेने व नगरपालिकांनी त्यावरील खर्च औषधखर्चाइतकाच अनिवार्य मानला पाहिजे.