सामान्य वजन आणि पोटाची चरबी : एका मोजमापाचा इतिहास

प्रस्तावना : वजन उंचीच्या प्रमाणात असले म्हणजे प्रकृती निरोगी, असा समज सुशिक्षित समाजातही दृढ आहे. हा समज वैद्यकात कसा रुजला आणि कोणत्या पुराव्यांनी ढासळला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

निर्देशांकाचा उगम : प्रौढांचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे निरीक्षण बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांचे. १८३५ च्या ग्रंथात त्यांना 'सरासरी मानव' रेखाटायचा होता. स्थूलतेचे निदान हा त्यांचा हेतू नव्हता. १९७२ मध्ये अमेरिकेतील अँसेल कीज व सहकाऱ्यांनी पाच देशांतील पुरुषांच्या मोजमापांवरून याच सूत्राचा पुरस्कार केला व त्यास 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. सूत्र सोपे असल्याने ते सर्वत्र रूढ झाले. मात्र चरबी किती, स्नायू किती आणि चरबी कोठे साठली आहे, हे त्यावरून कळत नाही.

दुसरा विचारप्रवाह : फ्रान्समधील मार्सेय येथील वैद्य जाँ व्हाग यांनी १९४७ मध्येच चरबीच्या स्थानाकडे लक्ष वेधले होते. नितंब व मांड्यांवरील चरबीपेक्षा शरीराच्या वरच्या भागातील चरबीचा मधुमेहाशी व धमनीकाठिण्याशी निकटचा संबंध असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९८१ मध्ये नील रुडरमन व सहकाऱ्यांनी 'चयापचयदृष्ट्या स्थूल, पण सामान्य वजनाची व्यक्ती' ही संकल्पना मांडली.

दाहाचा शोध : चरबी म्हणजे ऊर्जेचे निष्क्रिय कोठार, ही कल्पना १९९३ मध्ये मोडली. गोखान होतामिशलिगिल व सहकाऱ्यांना लठ्ठ प्राण्यांच्या मेदऊतीत टीएनएफ-अल्फा हे दाहकारक प्रथिन आढळले. ते निष्प्रभ करताच इन्सुलिनचे कार्य सुधारले. फुगलेल्या मेदऊतीत भक्षक पेशी गोळा होतात, हे २००३ मध्ये स्पष्ट झाले. आतड्यांभोवतीच्या चरबीतील रक्त थेट यकृताकडे जात असल्याने तेथील दाहकारक द्रव्ये यकृतास प्रथम भिडतात. सौम्य, दीर्घकालीन दाहाची खूण असलेले सी-रिॲक्टिव्ह प्रथिन मुख्यतः यकृतातच तयार होते.

पुण्याचे योगदान : २००३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ग्रामीण नवजातांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या नवजातांशी केली. येथील बालके वजनाने बरीच कमी होती. तथापि त्यांची चरबी त्या मानाने टिकून होती. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन एस. युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही निर्देशांक २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. एकच आकडा दोन देहांविषयी किती भिन्न गोष्टी लपवतो, याचा हा बोलका पुरावा होय.

निष्कर्ष : २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर सुचविली. २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या आंतरराष्ट्रीय आयोगानेही केवळ निर्देशांकावर व्यक्तीचे निदान करू नये, अशी शिफारस केली. निर्देशांक लोकसमूहांच्या अभ्यासास आजही उपयुक्त आहे. परंतु बैठे काम करणाऱ्या, दिसायला सडपातळ अध्यापकाला केवळ त्याच्या आधारे निर्धास्त करणे इतिहासाशी व विज्ञानाशी विसंगत ठरेल. महाविद्यालयीन आरोग्य तपासणीत वजनकाट्याशेजारी मोजपट्टी ठेवणे, ही या साऱ्या इतिहासातून निघणारी किमान मागणी आहे.